येळवंडे सरांचं 'होऊ शकतं'

सोनई सोडून थोडं पुढं गेलं की उसाच्या रानातून एक रस्ता आत वळतो. त्या रस्त्यावर पत्र्याच्या छपराची एक माध्यमिक शाळा आहे. शाळेला वर्ग आहेत, फळे आहेत, झेंड्याचा खांब आहे, फक्त अनुदान तेवढं नाही. अनुदान येणार आहे. मच्छिंद्र येळवंडे त्या शाळेत इंग्रजी शिकवायला लागला तेव्हाही ते येणारच होतं. तेव्हा मच्छिंद्रच्या डोक्यावर भरपूर केस होते आणि चेहऱ्यावर उमेद होती. आता केस मागं सरकलेत, आणि उमेद कुठं गेली ते विचारायचं नाही.

अनुदान नाही म्हणजे पगार नावापुरता. मग शाळेतला जो तो आपापल्या परीनं पोट भरायचा. गणिताचे सर पहाटे गायींच्या धारा काढून येत आणि पहिल्या तासाला पेंगत. पीटीचे सर शनिवारी शिंगणापूरला भाविकांच्या गाड्या लावून देत. मच्छिंद्रकडं वडलांच्या मागं राहिलेलं थोडं रान होतं, त्यात तो कांदा करायचा. सकाळी पाणी, दुपारी इंग्रजी, संध्याकाळी पुन्हा पाणी. रविवारी काय करता, असं कुणी विचारलं तर तो म्हणायचा, "दमतो."

माणूस भला होता. वर्गात पट्टी नाही, बाहेर व्यसन नाही. पण त्याला एक खोड होती आणि ती भल्याभल्यांचा अंत पाहायची. त्याच्या तोंडून 'नक्की' हा शब्द निघत नसे. सर, उद्या भेटणार का? भेटू शकतो. कांद्याला भाव येईल का? येऊ शकतो. त्याची आई राहीबाई चुलीपाशी बसून विचारायची, "मच्छू, सांजच्याला जेवायला हायेस ना?" तर हा म्हणायचा, "असेन बहुतेक." राहीबाई तवा आपटायची. "आरं, जेवायला बसतोस का कोर्टात साक्ष देतोस?"

ही खोड त्याला इंग्रजीनं लावली होती. दहावीच्या व्याकरणात एक धडा असतो: एखादी गोष्ट घडेल की नाही याची आपल्याला किती खात्री आहे, ते इंग्रजीत कसं सांगायचं. बाकी व्याकरण मच्छिंद्र उरकायचा, पण हा धडा आला की त्याच्या अंगात थोडा जीव यायचा. तो फळ्यावर खालून वर चार शब्द लिहायचा. सगळ्यात खाली माइट, त्याच्यावर मे, मग मस्ट, आणि पार वर विल. मग मुलांकडं वळून म्हणायचा, "समजा, तुम्ही घरात बसलाय आणि विहिरीवरची मोटर एकदम बंद पडली. काय झालं असेल?"

"लाईट गेली!" सगळा वर्ग ओरडायचा.

"तुम्ही पाहिलं का?"

"न्हाई सर, पन लाईटच गेली असनार."

"मग तिथं मस्ट. अंदाज आहे, पण पक्का. आता सांगा, लाईट परत कधी येईल?"

यावर वर्गात हसू फुटायचं. लाईट कधी येईल हे त्या भागात देवही सांगत नाही. "तिथं मे," मच्छिंद्र म्हणायचा. "आणि पावसात तार तुटली असेल तर माइट. विल जपून वापरायचं. विल म्हणजे शब्द देणं. ज्याच्या हातात देण्यासारखं काही आहे त्यानंच द्यावा."

एका वर्षी त्यानं मुलांना स्वतःची वाक्यं करायला सांगितली. तिसऱ्या बाकावरची तमन्ना नावाची चुरचुरीत पोरगी उठली आणि इंग्रजीत म्हणाली की आपले सर कदाचित पर्मनंट होतील. मच्छिंद्रनं क्षणभर फळ्याकडं पाहिलं. "मे वापरलंस," तो म्हणाला. "माइट पाहिजे. बस खाली." मग सगळे हसले, तोही हसला. पण त्या संध्याकाळी गाडीला किक मारताना त्याला वाटलं, आपण इथंच रस्त्याच्या कडेला थोडा वेळ बसावं आणि कुणी काही विचारू नये.

आता एवढ्या खोडीनं कुणाचं काय बिघडणार होतं? पण मच्छिंद्रचं लग्न व्हायचं होतं.

एक काळ होता, मुलाचा बाप पाय पसरून बसायचा आणि मुलीचा बाप पायाशी. आता वारं फिरलंय. आता मुलीचा बाप खुर्चीत बसतो आणि विचारतो, नोकरी आहे का, पर्मनंट आहे का, नगरला फ्लॅट आहे का. मुलींनी फार सोसलं, तेव्हा हे चांगलंच झालं म्हणायचं. पण ते नेमकं मच्छिंद्रच्या पाळीला यावं याला काय म्हणावं? तो पस्तिशीपुढं गेला होता. मुलगी पाहायला गेला की चहा व्हायचा, शेव-चिवडा व्हायचा, शिक्षक आहे म्हटल्यावर मान मिळायचा, आणि मग तो प्रश्न यायचा. "पर्मनंट कधी होनार?"

"होऊ शकतं," मच्छिंद्र म्हणायचा.

झालं. बाप चहाची बशी खाली ठेवायचा. कुणी म्हशीला पेंड घालायला उठायचा, कुणाला अचानक फोन यायचा. तोंडावर नाही म्हणायची रीत त्या भागात नाही, निघताना सगळे हात जोडून एकच म्हणत, "कळवतो." आणि कळवत कुणीच नसे. पण राहीबाईला ते पटत नव्हतं. कळवतो म्हणाले म्हणजे कळवतीलच की, माणसं खोटं कशाला बोलतील! ती मोबाईल तुळशीच्या कट्ट्यावर ठेवून बसायची, कारण घरात रेंज नव्हती. वाजला की धावायची. बहुतेक वेळा खताच्या दुकानाची जाहिरात असायची.

"एक सबुद बोलायला तुझं काय जातंय?" ती म्हणायची. "होनार म्हनावं. सगळी म्हनत्यात."

"माझ्या हातात नाही आई ते."

"मग कुनाच्या हातात हाय? सरकारच्या तोंडातून यील तवा यील, तुझ्या तोंडातून तरी येऊ दे."

या सगळ्यात मुबारकबी पडली. मुबारकबी मणियार सोनईची, बांगड्या भरणारी. डोक्यावर बांगड्यांची पेटी घेऊन तिनं त्या पंचक्रोशीतली घरं इतकी पालथी घातली होती की कुठल्या घरात कोणत्या वयाची पोर आहे हे तिला मनगटाच्या मापावरून सांगता यायचं. तिची लेक नगरजवळच्या केडगावला दिली होती, त्यामुळं तिकडंही तिची पेटी जायची. एक दिवस राहीबाईच्या ओट्यावर पेटी उतरवून ती म्हणाली, "राहीबाई, एक पोरगी हाय. अश्विनी. ल्हान हुती तवापासून म्या भरल्यात तिला बांगड्या. सवा दोनचा हात, मऊ. मनगट मऊ असलं की मानूस मऊ असतं."

"वय?"

"तुमच्या पोरापेक्षा कमीच. नगरात चष्म्याच्या दुकानात कामाला हाय. आई न्हाई, बापाचं समदं तीच बघती." मग ती मच्छिंद्रकडं वळली. "पन सर, आदीच सांगते. तिचा बाप बिभीषण लई कडक हाय. त्यानं कंपनीत टेम्पररी म्हणून अक्खी उमर काढली, आज पर्मनंट करत्यात, उद्या करत्यात, आन शेवटी कंपनीलाच कुलूप लागलं. त्यो म्हनतो, पोरीला टेम्पररी मानसाला देनार न्हाई. तिथं तुमचं त्ये 'होऊ शकतं' काढू नका, बेटा. होनार म्हना. जिबेला काय हाड हाय का?"

मच्छिंद्र चष्मा काढून पुसत बसला. राहीबाईनं तोच होकार धरला.

केडगावचं घर दोन खोल्यांचं, पण लख्ख. बिभीषण दारातच उभा होता. पांढरा सदरा, हात मोठे, बोटं कामानं जाड झालेली. पाहुण्यांना त्यानं सतरंजीवर बसवलं. अश्विनी पाणी घेऊन आली. मच्छिंद्र मान खाली घालून बसला होता, कारण अशा ठिकाणी कुठं पाहायचं हे त्याला एवढ्या अनुभवानंही कळलं नव्हतं. पेला घेताना त्यानं वर पाहिलं तर ती त्याच्या चेहऱ्याकडं एकटक बघत होती.

"काडी वाकली आहे," ती म्हणाली.

"आं?"

"चष्म्याची. एका डोळ्याला वर, एका डोळ्याला खाली बसतो. डोकं दुखत असेल तुमचं."

डोकं दुखायचं खरं. गेले कित्येक महिने दुखायचं, आणि मच्छिंद्र त्याचा दोष दहावीच्या पेपरांना देत होता. त्यानं चष्मा काढून दिला. तिनं आतून छोटा पेचकस आणला, खिडकीपाशी उजेडात उभी राहून स्क्रू आवळला, काडी दोन बोटांत धरून हळूच वाकवली, पदरानं काचा पुसल्या आणि चष्मा परत दिला. कुणालाही यात काही विशेष वाटलं नाही. मच्छिंद्रनं तो डोळ्यांवर चढवला आणि समोरची भिंत, भिंतीवरचं कॅलेंडर, त्यापुढं उभी असलेली अश्विनी, सगळं सरळ दिसलं. आपली काळजी कुणी इतक्या सहज घेऊ शकतं हे तो विसरून गेला होता.

आणि नेमका तेव्हाच बिभीषण खाकरला. "मग सर, पर्मनंटचं काय?"

राहीबाईनं डोळे मिटले. मुबारकबीनं पेटीचा कडी-कोयंडा उगाच वाजवला.

"होणार," मच्छिंद्र म्हणाला.

"नक्की?"

"नक्की. जूनपर्यंत ऑर्डर येणार."

खोटं बोलायची सवय नसलेल्या माणसाचं असंच होतं. सवय असलेला 'होणार' म्हणून थांबला असता. यानं महिनाही सांगून टाकला. बिभीषणनं एकदा त्याच्याकडं नीट पाहिलं आणि त्याचा सगळा चेहरा सैल झाला. "सुपारी आना रं," तो आत बघून म्हणाला. "मास्तर मानूस हाय, शब्द खरा असतो." मच्छिंद्रला ते जूनचं परत घ्यावंसं वाटलं. पण सुपारी फुटली होती, राहीबाई पदरानं डोळे टिपत होती आणि मुबारकबी हिरव्या चुड्याचा हिशेब मांडत होती.

यानंतर एखाद्या माणसाला गोड झोप लागली असती. मच्छिंद्रला जेवण जाईना. शाळेत फळ्यावर चार शब्द लिहिले की वरचा शब्द त्याला बघवेना. त्यानं तो धडा गाळून पुढचा घेतला. राहीबाई गावभर सांगत सुटली की पोराची ऑर्डर येतेय. गणिताच्या सरांनी त्याला बाजूला घेऊन विचारलं, "येळवंडे, तुला काही आतली बातमी आहे का? मग आमचीपण येईल." एका खोट्यावर आणखी एका माणसाची आशा बसली. मच्छिंद्रला वाटलं, हे आता कुणाला तरी सांगितल्याशिवाय आपल्याला नीट श्वास घेता यायचा नाही. आणि कुणाला सांगायचं? जिच्याशी लग्न करायचं तिलाच. हे त्याला फार प्रामाणिक वाटलं.

तो एका दुपारी रजा टाकून नगरला गेला. चष्म्याचं दुकान बाजारातल्या एका बोळात होतं. मालक जेवायला गेलेला. अश्विनी एका म्हाताऱ्याला नंबर तपासायला बसवून समोरच्या पाटीवरची अक्षरं वाचायला लावत होती.

"ही ओळ दिसते का आजोबा?"

"दिसतीय, बहुतेक."

"बहुतेक नाही आजोबा. दिसते का नाही ते सांगा."

"तुला काय पाहिजे ते म्हन बाई, मी डोळे घेऊन आलोय," म्हातारा वैतागून म्हणाला. एरवी मच्छिंद्र हसला असता. तो काउंटरपाशी उभा राहिला. म्हातारा गेल्यावर अश्विनीनं त्याला स्टूल दिलं. "काडी परत वाकली का?"

"नाही. चांगली आहे." मग त्यानं एका दमात सांगून टाकलं. जूनचं काही खरं नाही. ऑर्डरचं काहीच माहीत नाही. शाळेत लागल्यापासून हे असंच चाललंय, येईल म्हणतात. येईलही, नाहीही येणार. त्या दिवशी आपण तिच्या वडलांना, आप्पांना, खोटं सांगितलं. का सांगितलं ते सांगायला त्याला शब्द सापडले नाहीत, म्हणून त्यानं ते सोडून दिलं.

अश्विनीनं समोरचे फ्रेमचे ट्रे एकावर एक रचले. पुन्हा सोडवले. पुन्हा रचले.

"मला का सांगितलंत?"

"तुम्हाला खरं कळायला पाहिजे असं वाटलं."

"हलकं वाटलं का आता?"

तो प्रामाणिक माणूस होता. "हो," तो म्हणाला.

"वाटणारच." तिचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "आत्तापर्यंत मी पण सुखी होते हो. आप्पा रोज संध्याकाळी शेजाऱ्याला सांगतात, जावई पर्मनंट होतोय. मी आत भाजी चिरताना ऐकते. आई गेल्यापासून त्यांना असं बोलताना मी ऐकलं नव्हतं. मी शोधायला गेले नाही, खरं का खोटं. मला शोधायचंच नव्हतं. आता तुम्ही आणून हातात दिलंत."

मच्छिंद्र स्टुलावरून उठला. "मी आत्ता केडगावला जातो," तो म्हणाला. "आप्पांना सगळं सांगतो."

"सांगा. ते लग्न मोडतील. मग पुन्हा कुणीतरी येईल, मी पुन्हा पाण्याचा ट्रे घेऊन येईन, पुन्हा जाताना कळवतो म्हणतील. तुम्हालाच म्हणतात असं वाटलं का? आम्हालापण म्हणतात. आई नाही, बाप अंगावर पडणार, मुलगी नोकरी करते." ती थांबली. "मी दमले आहे. तुम्ही पण दमलाय, दिसतंय मला. माणूस वाईट नाही तुम्ही."

बाहेर कुणीतरी हातगाडीवाल्याशी हुज्जत घालत होतं. दोघांनी ती संपेपर्यंत ऐकली.

"एक करा," अश्विनी म्हणाली. "आप्पांना काही सांगू नका. त्यांना काय सांगायचं ते यापुढं मी बघीन. तुम्ही त्यांच्यापुढं तोंड उघडायचं नाही, तुम्हाला जमत नाही ते."

"पण ते..."

"जमत नाही तुम्हाला. जून कशाला सांगितला होता?" आणि त्या सगळ्या बोलण्यात पहिल्यांदाच ती किंचित हसली. मच्छिंद्र दुकानातून निघाला तेव्हा त्याला खरंच हलकं वाटत होतं. सोनईच्या गाडीत खिडकीपाशी जागा मिळाली आणि गाडी शहराबाहेर पडायच्या आत त्याला झोप लागली.

लग्न उन्हाळा लागायच्या आधी झालं. मुबारकबीनं दोन्ही हातांत हिरवा चुडा भरला आणि एकही बांगडी पिचकू दिली नाही. राहीबाईनं फोन तुळशीच्या कट्ट्यावरून उचलून फडताळात ठेवला. अश्विनीनं घर हळूहळू आपलं केलं. चष्म्याचं दुकान लांब पडायला लागलं म्हणून तिनं ते सोडलं. बिभीषणचा फोन रोज यायचा. ती अंगणात जाऊन बोलायची. मच्छिंद्रला आतून एवढंच ऐकू यायचं: "व्हय आप्पा... चाललंय काम... वरपर्यंत गेलंय म्हणे... येनारच की." बापाशी बोलताना तिची भाषा बापाची व्हायची. फोन ठेवून आत आली की ती घासलेलीच भांडी पुन्हा घासायला घ्यायची. मच्छिंद्र रानाला पाणी द्यायला निघून जायचा. त्याला वाटायचं, हिला सवय होईल.

त्या वर्षी धोंड्याचा महिना ऐन जूनच्या तोंडावर आला. अधिक महिना म्हणजे जावयाचा महिना. लेक-जावयाला बोलावून पुरणाचे धोंडे जेवू घालायचे, तांब्याच्या ताटात तेहेतीस अनारसे आणि वर दिवा ठेवून वाण द्यायचं. बिभीषणनं हौसेला मोल ठेवलं नाही. भावकीतली चार माणसं बोलावली, जुन्या कंपनीतले दोन सोबती बोलावले, चुलतीला स्वयंपाकाला आणलं. मच्छिंद्रला पाटावर बसवून त्यानं जाड बोटांनी कपाळाला कुंकू लावलं.

पंगत बसली. अश्विनी तूप वाढत होती. बिभीषण जावयासमोर मांडी घालून बसला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "मग पाव्हणं? जून लागला की. सांगा ह्यांना. आली का ऑर्डर?"

मच्छिंद्रच्या हातात घास होता. जुन्या कंपनीतले दोघं म्हातारे जेवायचे थांबून त्याच्याकडं बघत होते. आता सांगावं, त्याला वाटलं. इथंच, सगळ्यांसमोर, एकदाचं. दुकानात सांगितलं तेव्हा किती बरं वाटलं होतं. त्यानं तोंड उघडलं.

"आली आप्पा," अश्विनी म्हणाली.

ती तुपाची वाटी घेऊन पंगतीच्या दुसऱ्या टोकाला उभी होती. 'येणार' नव्हे, 'येईल' नव्हे. आली. "गेल्या आठवड्यातच आली. तुमाला हितंच सांगायचं म्हणून बोलले न्हाई."

बिभीषणनं दोन्ही हात त्या ताटातल्या दिव्याला जोडले. शेजारचा सोबती त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "झालं बाबा तुझं!" बिभीषण रडत होता आणि हसतही होता. "माझं जल्मात झालं न्हाई," तो म्हणाला, "त्ये ह्यांचं झालं." त्यानं परातीतला एक धोंडा उचलला, आपल्या हातानं जावयाच्या ताटात ठेवला आणि वरून आणखी एक ठेवला.

अश्विनी तूप घेऊन मच्छिंद्रपुढं आली. धार सरळ पडली, एक थेंब इकडंतिकडं नाही. मच्छिंद्रनं वर पाहिलं. तिच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं, गाल बसले होते. एवढ्या महिन्यांत त्यानं हे कसं पाहिलं नव्हतं? त्या दिवशी दुकानातून तो मोकळा होऊन निघाला होता, गाडीत झोपला होता, आणि त्याच्या अंगावरचं सगळं ही रोज अंगणात उभी राहून वाहत होती. आता तर पुढच्या महिन्यात बाप पगाराचं विचारणार, मग फ्लॅटचं, आणि दर वेळी हिलाच उत्तर शोधायला लागणार. खोटं बोलल्यामुळं मच्छिंद्रला झोप आली नव्हती. तिला खरं सांगितल्याबद्दल त्याला आज पहिल्यांदा लाज वाटली; हातातला घास त्यानं परत ताटात ठेवला.

"जेवा," ती त्याला एकट्याला ऐकू जाईल इतक्या हळू म्हणाली. "आप्पा बघतायत."

तो मान खाली घालून दोन्ही धोंडे संपेपर्यंत जेवला.